पाहुण्याचा चहा

ठाण्यासमोर माझी टपरी, सतरा वर्षं.
त्याआधी माग होता, तो किलोवर भंगारात गेला.
टॉवेल विणणारे हात चहा गाळायला लागले,
फडकं दोन्हीकडे लागतंच.

आत माझाच चहा जातो.
मागवायची भाषा मात्र त्यांची.
"चार कटिंग" म्हणजे चार कटिंग.
"साहेबांचा" म्हणजे बिनसाखरेचा, बिनपैशाचा.
आणि "पाहुण्याला पाजायचाय" म्हटलं
की किटली उचलायची नाही.
हे एका हवालदाराने पहिल्याच आठवड्यात
हसत हसत शिकवलं.
मीही हसलो.
हसावं लागतं ओ, उधारी अडकलेली असते.

त्या रात्री गड्डा उठत होता.
पाळण्याचे सांगाडे ट्रकवर बांधून चालले होते.
पिराजीला साडेदहाला आणलं,
एम.आय.डी.सी.तून, गाठी उचलता उचलता,
एका पायात चप्पल.
वरच्या खिडकीतून आवाज आला,
"अंबादासमामा, पाहुण्याला पाजतोय,
तुझा नको."
मी स्टोव्हला पंप मारला.
मग आणखी मारला.
स्टोव्ह मोठ्याने चालला की बाकीचं ऐकू येत नाही.

पुढे आठ दिवस
शहर माझ्या बाकड्यावर बसलं.
"छातीत कळ आली म्हणे."
"सव्वीसाव्या वर्षी?"
"पिऊन असेल."
"तारेतलाच होता ना बे?"

तार.
सेटलमेंटची ती तार माझ्या जन्माआधीच निघाली.
खांब उपटले, काटे गुंडाळून नेले,
कुणाच्या तरी परसाला लागले असतील.
शब्द तेवढा राहिला.
शाळेत कुणाचं पेन हरवलं
की अख्खा वर्ग मागच्या बाकाकडे वळायचा.
मी वळलोय.
त्या बाकावरच्या पोराचं नाव
आता आठवत नाही, तारेतला एवढंच आठवतं.

पेपरने पहिल्या पानावर "सराईत" छापलं.
दुरुस्ती सातव्या पानावर,
तिच्यात वय चुकलं.
वकील म्हणाले, संशयित म्हणा.
कॉलेजची पोरं फलक घेऊन उभी राहिली,
मेला म्हणू नका, मारला म्हणा.
रिटायर मास्तर म्हणाले,
"आधी रिपोर्ट तर येऊ द्या,"
आणि खारी बुडवली.
ती तुटून आत पडली.
बराच वेळ बोटाने काढत होते.

चौकशीला मलाही बोलावलं.
"आतून मागणी काय आली?"
"पाहुण्याला चहा."
कारकुनाने लिहिलं,
मयतास चहा देण्यात आला.
म्हटलं, साहेब, तसला चहा नव्हे.
"मग कसला?"
दारात तोच हवालदार उभा होता,
पहिल्या आठवड्यातला.
आता पिकलाय. गुडघे दुखतात त्याचे,
माझ्याकडून कधीमधी तेल मागून नेतो.
तो हसला.
मी सही केली.

परवा भर दुपारी लगमव्वा आली.
बाकडं आपोआप रिकामं झालं.
ती बसली नाही.
"कागदात लिवलंय म्हणं,
माज्या पोराला तू च्या दिलास."
मी फडकं पिळलं.
कोरडंच होतं.
"गरम हुता का?"

मी गप्प.

"त्येला आल्याचा लागतुय.
आलं घातलं हुतंस?"

मी आल्याचा तुकडा घेतला,
फरशीवर ठेवला, बत्ता उचलला,
आणि ठेचत राहिलो,
ठेचत राहिलो,
पार पाणी होईस्तोवर.

"बास की रं," ती म्हणाली.
"बास."