बिडीएवढं काही दिसत नाही

त्र्यंबक रोडवर, दुसऱ्या मजल्यावर,
पंख्याखाली बसून मी डोंगर वाचते.
दर बारा दिवसांनी उपग्रह वरून जातो,
बारशाला म्हणा, नाहीतर बाराव्याला.
अंधार असो, आभाळ असो, त्याचं अडत नाही.
स्वतःच हाक घालतो
आणि परत आलेली मोजून ठेवतो.

रंग नसतात त्यात. नुसती राख, फिकी आणि गडद,
वर मीठ-मिरी सांडल्यासारखा कचरा.
दिंडोरीकडच्या द्राक्षमांडवांच्या तारा चकाकतात,
सातपूरचे पत्रे डोळ्यांत घुसतात,
गंगापूरचं धरण मात्र काळं कुळकुळीत:
निवांत पाण्यावरून हाक घसरते,
पलीकडे जाते ती जातेच.
काळं म्हणजे पाणी, असं मला शिकवलं होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात
पेठकडचा खोकरदऱ्याचा तलाव मला काळा दिसला.
तक्त्यात लिहिलं: पाणी आहे. वणव्याचा धोका मध्यम.
संध्याकाळी पवळी भोयेचा फोन.
हंगामी अग्निरक्षक, चार महिन्यांची नेमणूक,
दुसऱ्या महिन्याची मजुरी अजून यायची.
"बाई, पाणी हाये म्हणून कोणी लिव्हलं?
तठं पोरं क्रिकेट खेळत्यात.
गाळ असा बसलाय, सारवल्यावानी."

सारवल्यावानी.
मी चित्र पुन्हा उघडलं.
सपाट, सुकलेला गाळही हाक परत देत नाही.
भरलेलं आणि आटलेलं
वरून एकसारखं काळं.
हे पुस्तकात होतं, तळटीपेत.
मी मध्यम खोडून तीव्र लिहिलं
आणि दुसऱ्या दिवशी पेठची एसटी धरली.

जिथं आषाढात छत्रीच्या काड्या मोडतात
त्याच उतारावर गवत पायाखाली
पापडासारखं बोलत होतं.
पवळी पुढे, मी मागे.
तिच्या हातात निरगुडीचा झोडपा, माझ्या हातात टॅब.
मोहाखाली कोणी पाला जाळून जागा साफ केली होती,
फुलं वेचायला सोपं जावं म्हणून.
तिनं राखेत हात घातला. "काल रातची," म्हणाली.
माझ्या नकाशात ती जागा हिरवी होती.

मग तिनं विचारलं,
"तुमच्या त्या फोटोत मी दिसते का?"
नाही, म्हटलं. वीस पावलांहून लहान काही दिसत नाही.
ती थोडी थांबली.
"मग बिडी कशी दिसायची?"

मला हसू आलं. तिला नाही.

त्या आठवड्यात तिनं आणि आठ जणींनी
कड्याच्या टोकापासून ओढ्यापर्यंत गवत कापलं,
जाळपट्टा काढला, दोन माणसं आडवी झोपतील एवढा.
वाडीच्या बाजूला वणवा आला नाही.
पलीकडच्या डोंगरावर आला, तीन रात्री जळला,
त्याबद्दल तक्त्यात एकच रकाना आहे.

एप्रिलच्या फेरीत
खोकरदऱ्याच्या कड्यावर एक रेघ दिसली.
बारीक, तुटक, आजूबाजूच्या राखेहून किंचित गडद.
दोन माणसांच्या रुंदीचं काही
दिसायला नको होतं.
पट्टा असेल. कचराही असेल.
गाळणी लावली की अशा रेघा जातात,
चित्र स्वच्छ होतं, साहेबांना तसंच लागतं.

फाइलला नाव दिलं, तारीख टाकली.
गाळणी लावली नाही.