सुई उडते ती जागा

रविवारी रात्री अकरा ते एक मी असते.
म्हणजे माझा आवाज असतो.
मी वरळीत, सातव्या मजल्यावर,
अंड्यांच्या ट्रेसारख्या भिंतींच्या खोलीत,
पायात लोकरी मोजे,
कारण एसीचा रिमोट
दिवसपाळीचा इंजिनियर घरी घेऊन जातो.

'नमस्कार, मी हेमांगी आरोसकर.
जुनं पॉप, जुना सोल.'

पहिल्याच आठवड्यात आईने विचारलं,
सोल म्हणजे बुटाचा का गं?
बाबांनी दादरला पुलाखाली
एकतीस वर्षं चपला शिवल्या,
तिचं काही चुकत नव्हतं.
मी म्हटलं, नाही, आत्मा.
मग ते कीर्तनच की, म्हणाली.
नाही गं, म्हटलं,
आणि पुढे सुचेना.
कुकर तेवढा बोलला.

अजूनही नीट सांगता येत नाही.
कोणी परका माणूस परक्या भाषेत
'थांब' हा एकच शब्द अकरा वेळा म्हणतो
आणि अकराव्यांदा कळतं,
ती केव्हाच निघून गेलीय,
हा जिन्याशी बोलतोय.

रेकॉर्डी चोरबाजारातल्या.
इद्रीसभाई कव्हरचा वास घेऊन सांगतो,
हे घर विकलं, हे घर भांडलं.
काहींच्या पाठीवर शाईने नावं असतात.
नावाचे पैसे नाही लावले, म्हणतो.

फोन येतात. तीन. क्वचित चार.
शिवडीच्या इस्पितळातली सिस्टर कुजबुजते,
वॉर्ड झोपलाय, हळू आवाजातलं काहीतरी लाव.
लोअर परळच्या टॉवरचा वॉचमन रामनयन
गाण्याचं नाव कधीच सांगत नाही,
'वो भोंपूवाला', एवढंच.
आणि मला बरोबर कळतं कुठला भोंपू.

दिवाळी उलटल्यावरच्या रविवारी
निळं कव्हर काढलं. मागे: ई. आल्मेडा.
दुसऱ्या कडव्यात सुई टुणकन उडाली,
एक अख्खा शब्द ओलांडून पुढे.
मी माइक उघडला,
'माफ करा, जुनी रेकॉर्ड आहे, सुई उडाली.'
लगेच फोन.

'उडाली नाय बाय, उडवली.'
युलालिया आल्मेडा, मरोळ गावठाण.
'बर्टी बाहरीनला चालला त्याच्या आदल्या राती
आमी खुर्च्या भिंतीला लावून नाचत होतो.
त्याचे नवे बूट. घसरला, टेबलावर आपटला.
डॅडीने थोबाडीत ठेवून दिली.
तेच लाल थोबाड घेऊन गेला विमानात.'
मागे पंखा खडखडत होता.
बर्टीचं पुढे काय झालं
ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

रेकॉर्ड परत हवी का, म्हटलं.
'वाजवू कशावर? तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे.
फक्त दुसरी चांगली कॉपी नको लावू.
ती जागा आली ना, की मी पाय उचलते.'

तेव्हापासून महिन्याच्या शेवटच्या रविवारी,
पावणेएकला.
प्रोग्रॅम मॅनेजर म्हणतो, कंप्युटरमध्ये स्वच्छ आहे की हेच गाणं.
मी मान डोलावते आणि निळं कव्हर काढते.
तो गाळलेला शब्द काय आहे
ते मी शोधलेलं नाही.
सिस्टर आता गुणगुणते तीही
तिथे श्वास गाळून.

सोमवारी सकाळी आईला सगळं सांगितलं.
ती मेथी निवडत होती.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
चामड्याचा असणार सोल.
रबराचा घसरत नाही.