क्रम

आधी नकाशा. मग रस्ता. मग ट्रक.
एक मॉड खालीवर झाला की गेम उघडतच नाही,
काळ्या पडद्यामागे नुसता पंखा घरघरतो.

फैजपूर, दुपारचे तीन, पारा सेहेचाळीस.
लोकेंद्रने डब्याचं झाकण काढून
टेबलफॅन थेट मशीनच्या छातीवर रोखलाय.
आम्ही बिनवाऱ्याचे.

नंबरप्लेट बसली: एमएच एकोणीस.
मागच्या फळ्यावर शेर-बिर नको म्हणाला,
फक्त ‘नेहेते, सावदा’.
हॉर्न टिकारामकाकांच्या गाडीचा,
मोबाइलवर टिपलेला. त्यात मागे
एक बकरी ओरडते. तीही राहू दिली.
मग माल: हिरवे घड, घडांवर घड.
दोनदा सगळं कोसळलं.
तिसऱ्यांदा एक फाइल दुसरीच्या वर सरकवली
आणि उघडलं.

रस्ता मात्र नॉर्वेचा. दोन्ही कडांना बर्फ.
“बर्फ काढायचा पण मॉड आहे,” मी म्हटलं.
त्यानं दाराबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं.
“राहू दे भो.”

काका जेवून आले, चष्मा बनियनला पुसत
स्क्रीनपुढे बराच वेळ उभे.
हॉर्नला हसले नाहीत,
बकरीला हसले.
मग एकदम कपाळाला आठी:
“येवढ्या थंडीत चरका लागीन ना केळीले.
ताडपत्री कुठी हाये?”

ताडपत्रीचा मॉड कुणी केलेलाच नव्हता.
लोकेंद्रने कोरी फाइल उघडली,
आणि काका उभ्याउभ्या, हवेत बोटं फिरवत,
सांगू लागले
दोर पहिल्यांदा कुठल्या कडीतून ओवायचा.