दर्जा

दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर, रात्री साडेनऊनंतर
मी बौद्ध दर्शनाला गुण देते.
पगार नाही. चष्म्याचा नंबर तेवढा वाढला.

एकतीस वर्षं पोथ्यांचे पाठभेद जुळवले,
वाळवीने नेलेल्या अक्षराच्या जागी
टिंबं देऊन गप्प बसायला शिकले.
आता जालावरच्या ज्ञानकोशाने चार शिक्के दिलेत:
अंकुर, कच्चा, मध्यम, उत्तम.
ज्याच्या त्याच्या कपाळी एकेक उठवायचा.

'शून्यता' हा लेख तीन ओळींचा आहे.
त्यावरचा विनोद सगळ्यांचा करून झालाय, मी करत नाही.
अंकुर.
'क्षणभंगवाद' आठवड्यात एकोणपन्नास वेळा बदलला;
दोघे जण भांडतायत, ऱ्हस्वदीर्घावरून.
'निर्वाण'मध्ये विशेषणं इतकी की विझायला जागा नाही.
'अनात्म' मात्र सुरेख, घोटून लिहिलेला,
आणि तिसऱ्या परिच्छेदात आत्मा
मागच्या दाराने येऊन पाटावर बसलाय.
जेवता माणूस उठवावा तसं
त्याला उठवणं माझ्या जिवावर येतं.
उठवते.

मग 'दुःख' उघडला.

"आस तुंब्याच्या भोकात नीट बसला नाही
की चाक जे करतं, ते दुःख.
वरून दिसत नाही. गाडी चालते.
आवाज येतो."

लिहिणार: हिरामण ताकसांडे.
मी हाताच्या सवयीने लिहिलं, संदर्भ हवा.
दुसऱ्या दिवशी उत्तर:
प्रतापनगर वर्कशॉप, फिटर, चौतीस वर्षं.
कळवलं, हे चालत नाही. छापील हवं, पान क्रमांकासह.
त्यांनी विचारलं,
"ताई, कान चालत नाही का?"

मंगळवारी रिक्षा केली.
सुरसागरला वळसा घालून ग्रंथालयात गेले,
जिथे शिपाई अजून मला 'बेन' म्हणून शिडी धरतो.
जाडा कोश. बारीक टाइप.
दुस् अधिक ख. ख म्हणजे आकाश. ख म्हणजे भोक.
ख म्हणजे चाकातली ती पोकळी, जिच्यात आस फिरतो.
पुढे कंसात: व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत.
असोत. मतभेद हा माझा जुना शेजार आहे.

घरी येऊन तळटीप जोडली.
हिरामणच्या वाक्याच्या खांद्यावर
माझा चिमुकला एक.
पण तो पहिल्या वाक्यापुरताच.
आवाजाबद्दल कोशात काही नव्हतं.
नियम असा, की निराधार मजकूर वगळावा.
दोन शब्द फक्त. निवडले, निळे झाले.

खाली सेव-उसळवाला लारी आवरून
मांडवीकडे निघाला होता.
एक चाक, थांबून थांबून,
काहीतरी म्हणत होतं.
नाक्यावर वळलं तरी म्हणत होतं.
माझं बोट कळीवर तसंच.

दर्जा: मध्यम.
शेरा: शेवटच्या वाक्याला संदर्भ नाही. तपासले. राहू द्यावे.

सकाळी बघते तर कोणीतरी
'भोक' खोडून 'छिद्र' केलेलं.
चहा गाळायच्या आधी
पुन्हा भोक केलं.