पाच मिनिटांची पाळी

विधानभवनाच्या ग्रंथालयात, तळाच्या कपाटात,
कुणीतरी कधीतरी भेट दिलेलं पुस्तक:
एका अमेरिकी राज्याच्या सभागृहातले सभासद, त्यांची चरित्रं,
सन अठराशे ऐंशी.
पानं जोडलेलीच. इतक्या वर्षांत कुणी सुरी लावली नव्हती.
मी लावली.
स्टीलची पट्टी, खरं तर.

असाहेल ट्रिंबल.
कातडी कमावणाऱ्याचा मुलगा. शाळा तीन हिवाळे,
कारण उन्हाळ्यात कातडी असायची.
खोगिरांचं दुकान, लग्न, मुलं चार, जगली दोन.
मग निवडून आला, पुन्हा आला.
कुत्र्यांवरच्या करावर बोलला,
कुंपणाच्या उंचीवर बोलला,
एका लाकडी पुलासाठी सात वर्षं बोलला.
पूल झाला तेव्हा तो सभागृहात नव्हता.

तीस वर्षं मी प्रतिवेदक होते, वर, त्याच इमारतीत.
दर पाच मिनिटांनी पाळी बदलायची.
कुणाचंच भाषण मी अखेरपर्यंत ऐकलं नाही.
माझ्या वहीत माणसं मधूनच सुरू व्हायची
आणि "तर अध्यक्ष महोदय, माझं म्हणणं एवढंच की"
इथे तुटायची. पुढचं गव्हाणकरबाईंकडे.

कंसात हशा. कंसात गोंधळ.
रडण्यासाठी कंस नव्हता.
रोह्याकडचे एक आमदार साकवावर बोलता बोलता थांबले एकदा.
माझी पेन्सिलही थांबली.
छापील कार्यवाहीत त्यांची दोन वाक्यं
एकमेकांना चिकटून उभी आहेत,
मध्ये काही झालंच नाही अशी.

ट्रिंबलच्या चरित्राची शेवटची ओळ:
"पळून आलेल्या गुलामांना परत धाडण्याच्या ठरावावर
त्याने स्वपक्षाविरुद्ध मत दिले. भाषण केले नाही."
पुढे उमेदवारी नाही. पुढे खोगिरं.

त्यांच्याकडे त्यावरून युद्ध पेटलं
आणि इथे कापसाचं सोनं झालं.
त्या पैशाच्या कैफात हा समुद्र बुजवायचं
मुंबईने पहिल्यांदा मनात घेतलं.
कैफ उतरला. समुद्र पुढे सावकाश बुजला.
हे कपाट त्याच भरावावर उभं आहे.

भाषण केले नाही.
म्हणजे वर गॅलरीत कुणीतरी बसला असेल,
बोरू टेकवून, माझ्यासारखा,
आणि त्याची पाच मिनिटं
कोरीच गेली असतील.

"बाई, दिवे घालवतो," पिंगुळकर म्हणाला.
पुढची पानं जोडलेलीच होती.
पट्टी मी आत तशीच ठेवली.