काढ

गेल्या पुरात आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मगर आली होती.
वनखात्याच्या पोरांनी तिचं तोंड चिकटपट्टीनं बांधलं,
टेम्पोत घातली.
शर्वाणीनं गॅलरीतून सगळं पाहिलं.
म्हणून लालबागच्या तरणतलावावर पहिल्याच सकाळी
तिनं एवढंच विचारलं,
हे पाणी विश्वामित्रीला जोडलंय?

नाही गं. नळाचं आहे.
आणि नळ?

चार दिवस ती पायरीवरच. पाण्यात फक्त घोटे.
पाचव्या दिवशी तोंड बुडवलं, बुडबुडे काढले,
वर येऊन म्हणाली, आत आवाज असतो बाबा,
आपल्या फ्रिजसारखा.

मला पोहायला दिगूमामानं शिकवलं.
डभोईकडची विहीर. काठावर उभा होतो, जांभळं खात,
आणि मागून धक्का.
नाकातोंडातून हिरवं पाणी,
वर मामा हसतोय, बघ, आलं की नाही!
आलं. तीन दिवसांत आलं.
पण मामाकडे पाठ करून मी पुन्हा कधी उभा राहिलो नाही.
त्याच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा
मी भिंतीला टेकून आहे.

म्हणून शर्वाणीला शब्द दिलाय,
तू म्हणेपर्यंत हात काढणार नाही.
सोलंकी सर शिट्टी तोंडातून काढून म्हणतात,
साहेब, एम तो दिवाळी आवी जशे.
येऊ दे. एप्रिल तर आहे.

तळहातावर तिचं पोट,
मांजराच्या पिल्लासारखं आतून धडधडणारं.
इस्पितळात नर्सनं पहिल्यांदा हातात दिली
तेव्हाही असंच वाटलेलं, निसटेल.
रोज थोडं थोडं वजन पाणी आपल्याकडे घेतं
आणि मला सांगत नाही.

आज सकाळी, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली,
मान वर काढून ती म्हणाली,
काढ.
मी ऐकलंच नाही असं केलं.
बाबा, काढ ना!

काढला.

गेली. सरळ नाही, जरा डावीकडे,
पाय नको तितके आपटत, सोलंकी सरांचा शर्ट भिजवत,
चार हात, पाच,
काठाचा लोखंडी दांडा पकडला
आणि गर्रकन मागे वळून पाहिलं.
मी कुठे आहे हे नाही,
मगर आहे का, हे.

नव्हती.
मीच होतो छातीइतक्या पाण्यात,
तळहात अजून तसाच उताणा धरून.

शेवउसळ! ती तिकडून ओरडली.
तिखट तर्रीवाली!