पुठ्ठा

रोज सकाळी सहाला मी पुठ्ठा त्याच्यासमोर धरतो.
पाण्याच्या खोक्याचा. मागे अरबीत काहीतरी छापलेलं,
पुढे माझं गिचमिड अक्षर :

तुझं नाव मुनाफ खतीब.
हे सलाला. ओमान.
तू पडलास. आता बरा होतो आहेस.
आज मंगळवार.

मंगळवारची चिठ्ठी तेवढी वेगळी,
चिकटपट्टीवर, रोज बदलायची.

तो वाचतो. ओठ हलतात.
"पडलो? कधी?"
दररोज नव्याने पडतो तो
बंदरातल्या शीतगृहाच्या परातीवरून,
माझ्यासमोर, नाश्त्याआधी.

खिडकीबाहेर माड आहेत, ही खरी पंचाईत.
दुसरीकडे असतो तर वाळू दाखवली असती, मनोरे दाखवले असते.
इथे माड, केळी, रस्त्याकडेला शहाळी सोलणारा बंगाली,
आणि वाऱ्याला सुकटीचा तोच वास.
कसं पटावं त्याला, की हे घर नाही?
"वहाब," मला म्हणतो, "भरती लागली काय रे?
होडी वर ओढ."
वहाब त्याचा धाकटा भाऊ.
अकरा वर्षांपूर्वी खाडीत गेला.
मी म्हणतो, ओढली.

टाके निघाले. केस उगवले, खुणेवर तेवढे पांढरे.
कंपनीचा माणूस दारातूनच बघून गेला :
चालतो, जेवतो, सही करतो. मग काय राहिलं?
काय राहिलं ते त्याला कोण सांगणार.
नुसत्या नजरेने ट्रकभर पाइप मोजणारा हा फोरमन
चपात्या मोजताना सातावर अडतो.
पुन्हा एकपासून.
पुन्हा सात.
मग ताट भिंतीवर.
नंतर तासभर बसून
त्या पोचलेल्या ताटाचीच माफी मागतो.

जुबेदाभाभी फोनवर म्हणाली,
"आवाज ह्यांचाच हाय, भावजी,
पण आत कुणी भाडेकरू ठेवलाय का?"
मी म्हटलं, रेंज जातेय.

गुरुवारी दवाखान्यात डॉक्टर रय्या.
तिचं हिंदी सिनेमातलं, माझं कामावरचं.
म्हणाली, हाड मोडलं तर लोक दार उघडून धरतात,
हे दिसत नाही,
म्हणून आळशी म्हणतील, नाटकी म्हणतील.
चिडला तर दिवा मंद करा. टीव्ही बंद.
प्रश्न एका वेळी एकच.
मी सगळं हाताच्या तळव्यावर लिहून घेतलं.
तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.
"और आप? आप सोते हैं?"

एका वेळी एकच प्रश्न.
तरी मी अडलोच.

त्या दिवशीचा क्लॅम्प मी आवळला होता.
आवळला होता.
ना?
रोज रात्री मी वर चढतो, पाना घेऊन, पुन्हा आवळतो,
आणि सकाळी खांदा खरोखरच दुखत असतो.
कुणाला बोललो नव्हतो.
मुनाफला सांगायचं तर उद्या त्याच्या लक्षात राहणार नाही,
ह्याचा मला दिलासा वाटतो,
आणि त्या दिलाशाची शिसारी.
हे सगळं बोललो. मराठीतही बोललो असेन मध्येच.
तिने काही लिहिलं नाही.
पुढच्या गुरुवारी दोन वेळा लावल्या,
एक त्याची, एक माझी.

बाहेर बाकावर मुनाफ,
मांडीवर दोन शहाळी.
पैसे कसे मोजले, कुणास ठाऊक.

आज पुठ्ठ्यावर एक ओळ वाढवली :
हा अनंता. तुझ्याबरोबर काम करतो.
त्याने वाचलं. माझ्याकडे पाहिलं,
पहिल्यांदाच माझ्याकडे.
"अनंता."
आणि मग, अगदी साधेपणी,
"तर मग वहाब कुठाय?"

पुठ्ठ्यावर जागा उरली नव्हती.
मी दिवा मंद केला, त्याच्याशेजारी बसलो.
म्हटलं, आधी चहा घेऊ.
सांगतो.